इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाचा विस्तार : पॅड, ट्रिगर आणि प्रवेशसंख्या यांचा एक ऐतिहासिक विचार

तालवाद्यांच्या इतिहासात विस्ताराची प्रेरणा फार जुनी आहे. एका वादकाच्या हाताशी एकाहून अधिक नाद असावेत, ही इच्छा जगातील बहुतेक वादनपरंपरांत या ना त्या रूपाने प्रकट झालेली दिसते. तिरुवारूरच्या देवालयातील पंचमुखवाद्याला एकाच देहावर पाच मुखे आहेत. तबलातरंगात निरनिराळ्या स्वरांत मिळवलेले तबले वादकाभोवती अर्धवर्तुळात मांडलेले असतात. पाश्चात्त्य ड्रमसंच तर केवळ विस्तारातूनच जन्मास आला. लष्करी वाद्यवृंदात पडघम, बाजूचा ड्रम आणि झांजा वाजविण्यास वेगवेगळी माणसे लागत. नाट्यगृहातील अरुंद जागा आणि मालकांची काटकसर यांमुळे हे सर्व एकाच वादकाकडे आले, आणि १९०९ साली शिकागोच्या विल्यम लडविग यांनी जलद चालणारे पायदळ म्हणजे पेडल बाजारात आणल्यानंतर ही व्यवस्था कायम झाली.

या सर्व उदाहरणांत एक नियम समान आहे. नवा नाद हवा असेल तर नवी वस्तू आणावी लागते. तिला जागा लागते, ती वाहून न्यावी लागते, ती मिळवावी लागते. इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाविषयी लिहिताना सामान्यतः असे सांगितले जाते की, विजेने हा नियम मोडला आणि वादकास अमर्याद नादांचे भांडार खुले झाले. हे विधान अर्धेच खरे आहे. नादांची मर्यादा सैल झाली, ही गोष्ट निर्विवाद. परंतु मर्यादा म्हणून जी होती ती नाहीशी झाली नाही, तिने केवळ स्थान बदलले. पूर्वी ती लाकडात, चामड्यात आणि खोलीच्या क्षेत्रफळात होती. पुढे ती ध्वनिपेटीच्या पाठीमागील भोकांच्या संख्येत जाऊन बसली. या पेटीला आज सर्वत्र मॉड्यूल म्हणतात व त्या भोकांना जॅक. इलेक्ट्रॉनिक ड्रमसंचाचा इतिहास बहुधा नादांच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो जॅकच्या अंगाने पाहावयाचा आहे.

आरंभीच्या प्रयोगांत महत्त्वाची घटना घडली ती अशी की, जेथे आघात होतो ती जागा आणि जेथे नाद उत्पन्न होतो ती जागा एकमेकींपासून विभक्त झाल्या. मूडी ब्लूज या इंग्रज वाद्यवृंदाचे ड्रमवादक ग्रेम एज यांनी ससेक्स विद्यापीठातील ब्रायन ग्रोव्ह्ज यांच्या साह्याने असा संच तयार करविला व १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत तो वापरला. १९७३ साली एमर्सन, लेक अँड पामर या त्रयीतील कार्ल पामर यांनी ‘टोकाटा’ या रचनेत ड्रमांना जोडलेल्या संश्लेषकांचे नाद योजिले. त्याच वर्षी जर्मनीतील क्राफ्टवेर्क या संघाने दूरचित्रवाणीवर एक विलक्षण फळी दाखविली. तिच्यावर धातूच्या चकत्या बसविलेल्या होत्या. वादक धातूच्या काड्यांनी त्यांना स्पर्श करी, त्यायोगे विद्युत्मंडल पूर्ण होई आणि सिद्ध तालयंत्रातील एकेक नाद बाहेर पडे. या फळीचे जनकत्व वोल्फगांग फ्ल्यूर यांचे की संघाच्या दोन संस्थापकांचे, याविषयी पुढे मोठा वाद झाला; त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. या फळीवर हलका व जोराचा आघात असा भेद नव्हता. मंडल एक तर पूर्ण होई किंवा न होई. चकत्यांची संख्या वाढविणे तेथे अगदी सोपे होते, पण वाढवून मिळणार काय, तर आणखी एक कळ. ज्या वाद्यात आघाताचे वजन उमटत नाही, त्याचा विस्तार म्हणजे कळफलकाचा विस्तार होय. तो तालवाद्याचा विस्तार म्हणता येत नाही.

१९७६ च्या सुमारास अमेरिकेत जो पोलार्ड व मार्क बार्टन यांनी सिनड्रम नावाचे वाद्य बाजारात आणले. त्याच काळातले सिनेअर हे त्याचे भावंड. डिस्को संगीतात वारंवार ऐकू येणारा, वरून खाली घसरत जाणारा तो नाद या वाद्यांनी लोकप्रिय केला आणि पुढे त्याचा कंटाळाही आणला. या पिढीविषयी एक गोष्ट विशेष नमूद करावीशी वाटते. हे पॅड नेहमीच्या ड्रमसंचाची जागा घेण्यासाठी आलेच नव्हते. ते लाकडी ड्रमांच्या शेजारी, एकदोन संख्येने, मांडणीत भर म्हणून आले. म्हणजे आज ज्याला आपण ‘पॅड वाढविणे’ म्हणतो ती क्रिया इलेक्ट्रॉनिक संचाच्या नंतरची नसून आधीची आहे. प्रथम जोड आली, संपूर्ण संच नंतर आला. इतिहासाचा हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो.

संपूर्ण संच या नावास पात्र ठरलेले पहिले यशस्वी वाद्य म्हणजे इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथील डेव्ह सिमन्स यांच्या कंपनीचे एसडीएस-५. त्याच्या घडणीत लँडस्केप या संघाचे वादक रिचर्ड जेम्स बर्जेस यांचा मोठा वाटा होता. १९८१ साली ते बाजारात आले, आणि त्याचे षट्कोनी पॅड हे त्या दशकाचे एक दृश्यचिन्हच होऊन बसले. परंतु त्या षट्कोनांकडे पाहताना मागील पेटीकडे दुर्लक्ष होते. पेटीत सात खाचा होत्या. प्रत्येक खाचेत एक स्वतंत्र विद्युत्पट्ट बसे आणि प्रत्येक पट्ट एकाच पॅडचा नाद निर्माण करी. बास, स्नेअर व तीन टॉम असा सर्वसाधारण संच पाच खाचा व्यापी. उरलेल्या दोन खाचांत झांज, हायहॅट किंवा आणखी एखादा टॉम घेता येई. सात भरले की संपले. आठव्या पॅडसाठी दुसरी पेटी विकत घेणे भाग पडे. म्हणजे तबलातरंगाचाच हिशेब येथे पुन्हा लागू होतो : जितके नाद, तितक्या वस्तू. फरक इतकाच की, वस्तू आता चामड्याची नसून सोल्डरने जोडलेल्या घटकांची होती. १९८३ च्या एसडीएस-७ मध्ये खाचांची संख्या बारापर्यंत गेली, तत्त्व मात्र तेच राहिले.

सिमन्सच्या पॅडांविषयी आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण विस्ताराच्या चर्चेत वादकाचे शरीर बहुधा विसरले जाते. ते पॅड पॉलिकार्बोनेटचे होते. दंगलीच्या वेळी पोलीस ज्या पारदर्शक ढाली वापरतात त्यांचे द्रव्य तेच. चामडे किंवा प्लास्टिकचे पान काठीचा आघात अंशतः स्वतःत घेते व काठी परत करते. या पृष्ठभागाने घेतले काही नाही, सर्व धक्का मनगटात परत पाठविला. वादकांनी हात दुखत असल्याच्या तक्रारी केल्या, त्या इतक्या वाढल्या की कंपनीने पुढील संचांत मऊ रबराचे पृष्ठभाग घातले. सात कठीण पृष्ठभागांच्या संचात आणखी पाच कठीण पृष्ठभागांची भर घालणे हा केवळ संगीताचा प्रश्न नव्हता.

येथवर आघाताची जागा आणि नादाची जागा विभक्त झाल्या होत्या खऱ्या, पण दोहोंमध्ये एकास एक असे नाते कायम होते. ते नाते तोडले मिडी या संकेतपद्धतीने. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची कळफलकवाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. त्या तारेतून नाद वाहत नव्हता, संदेश वाहत होता : कोणता स्वर, किती जोराने. स्वराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक, जोरालाही तसाच एक क्रमांक, आणि एका तारेवर सोळा मार्ग. आता पॅडला स्वतःचा आवाज असण्याची गरजच उरली नाही.

या कल्पनेचे सर्वांत शुद्ध रूप म्हणजे रोलँड या जपानी कंपनीचे १९८५ चे ऑक्टापॅड. एका चौकटीत दोन ओळींत आठ रबरी पॅड, आणि पेटीच्या आत एकही नाद नाही. दुसऱ्या यंत्राला जोडल्याखेरीज ते मुके. आज हे वाचताना विचित्र वाटते. त्या काळी मात्र हीच त्याची खरी शक्ती होती. त्याच आठ जागांवर सकाळी काँगा, दुपारी काच फुटल्याचा नाद, संध्याकाळी व्हायोलिनचे स्वर ठेवता येत. बिल ब्रुफर्ड या इंग्रज वादकाने १९८६ साली स्थापन केलेल्या अर्थवर्क्स या संघात एकेका पॅडवर संपूर्ण स्वरसंघात बांधून ड्रमसंचावर स्वररचना वाजविली. पॅडांची संख्या न वाढविता संचाचा विस्तार होऊ शकतो, हे यावरून प्रथम स्पष्टपणे दिसून आले. विस्तार दोन प्रकारचा असतो, एक जागांचा आणि दुसरा अर्थांचा, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु संदेशालाही वेळ लागतो. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट वाहतात. एका आघाताच्या संदेशास तीन बाइट, आणि आरंभ व शेवट दर्शविणारे बिट धरून प्रत्येकी दहा बिट लागतात. म्हणजे एका आघातास जवळजवळ एक सहस्रांश सेकंद. एकट्या आघाताला हे काहीच नाही. पण दोन हात व दोन पाय एकाच क्षणी पडले, आणि प्रत्येक पॅडवर तीन-तीन स्वर बांधलेले असले, तर शेवटचा स्वर पहिल्याच्या मागाहून दहाएक सहस्रांश सेकंदांनी निघतो. संकेतपद्धतीत संदेशांच्या पुनरुक्तीत काटछाट करण्याची सोय आहे, तिने हा विलंब काहीसा कमी होतो. तरीही तार एकच आहे आणि तिच्यात सर्वांनी रांगेने जावयाचे आहे, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

आता थोडे पॅडच्या अंतरंगाकडे वळू, कारण विस्ताराच्या खऱ्या अडचणी तेथे आहेत आणि वादकांची खरी कल्पकताही तेथेच दिसते. बहुतेक पॅडांत एक पातळ चकती असते, तिला पिझो म्हणतात. स्फटिकावर दाब दिला असता विद्युत्दाब निर्माण होतो, ही गोष्ट झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिली होती. आजच्या पॅडांतील चकती स्फटिकाऐवजी सिरॅमिकची असली तरी तत्त्व तेच. पिझोला वीज पुरवावी लागत नाही, तो स्वस्त असतो आणि आघाताचे वजन तो ओळखतो. क्राफ्टवेर्कच्या चकतीला जे जमत नव्हते ते हेच. हीच चकती लाकडी ड्रमच्या पानाला किंवा कडेला लावली की तिला ट्रिगर म्हणतात, आणि मग कोणताही जुना ड्रम इलेक्ट्रॉनिक संचाचा अवयव होतो. १९८० च्या दशकापासून ध्वनिमुद्रणशाळांत आणि पुढे मेटल संगीताच्या रंगमंचांवर बास ड्रमला असे ट्रिगर लावण्याची प्रथा रूढ झाली. जलद पायकामात प्रत्येक ठोका सारखा स्पष्ट ऐकू यावा हा तिचा हेतू.

पण पिझो हा भाबडा साक्षीदार आहे. कंप कोठून आला हे तो सांगू शकत नाही. कंप आला एवढेच सांगतो. एकाच दांडीवर दोन पॅड बसविले, तर एकावरील आघात दांडीतून दुसऱ्याकडे जातो आणि न वाजविलेला पॅडही बोलू लागतो. यास क्रॉसटॉक म्हणतात. पॅड जितके अधिक, तितकी ही शक्यता अधिक. त्यावर उपाय म्हणून मॉड्यूलमध्ये उंबरठा ठरविता येतो, त्याहून दुर्बल कंप पेटी ऐकतच नाही. शिवाय एका आघाताची थरथर दोन आघात म्हणून मोजली जाऊ नये यासाठी, आघातानंतर काही सहस्रांश सेकंद पेटी कान झाकून घेते. प्रत्येक उपायाची किंमत आहे. उंबरठा वर नेला की हलक्या हाताची बारीक वादने, विशेषतः स्नेअरवरील कुजबुजते ठोके, नष्ट होतात. कान झाकण्याचा काळ वाढविला की जलद रोल तुटतो. तेव्हा एक पॅड वाढविणे म्हणजे एक नाद मिळविणे एवढेच नव्हे. त्यासाठी आधीच्या सर्व पॅडांची सूक्ष्मता थोडी थोडी गहाण टाकावी लागते. अनुभवी वादक म्हणूनच नवा पॅड पुष्कळदा वेगळ्या स्टँडवर उभा करतो, किंवा दांडी आणि पकड यांमध्ये रबराचा तुकडा घालतो.

दुसरी अडचण जॅकच्या संख्येची. अमेरिकेतील अलेसिस कंपनीने १९९१ साली डी-४ नावाची एक बसकी पेटी काढली. तिच्यात सुमारे पाचशे नाद होते आणि मागे बारा प्रवेश. पाचशे आणि बारा या दोन अंकांतील अंतर पाहिले की या लेखाचे म्हणणे वेगळे सांगण्याची आवश्यकता उरत नाही. तथापि बारा हा त्या किमतीच्या पेटीत औदार्याचाच अंक होता, आणि ती पेटी वादकांत टिकली याचे कारण तिच्या नादांपेक्षा तिच्या प्रवेशांत अधिक होते.

प्रवेश कमी पडू लागले तेव्हा वादकांनी एक युक्ती योजिली. पॅडचा जॅक बहुधा स्टिरिओ पद्धतीचा असतो, म्हणजे त्यात टोक आणि कडे अशा दोन वाहिन्या असतात. पॅडचे मध्य आणि किनार वेगळे ओळखता यावेत म्हणून निर्मात्याने ही सोय ठेवलेली. वादकांनी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची केबल घेऊन त्या दोन वाहिन्या दोन स्वतंत्र पॅडांना दिल्या. पेटी समजते की एकाच पॅडच्या मध्यावर व किनारीवर आघात होत आहेत. प्रत्यक्षात ते दोन पॅड असतात. मात्र ही युक्ती सर्वत्र साधत नाही. ज्या प्रवेशात दोन्ही वाहिन्यांना पिझो अपेक्षित आहे तेथे ती चालते. जेथे किनारीसाठी केवळ कळ अपेक्षित आहे तेथे ती फसते. झांजेच्या प्रवेशांत हे विशेष आढळते, कारण तेथे किनारीची कळ फक्त ‘येथे’ एवढेच सांगते व ‘किती जोराने’ हे मधला पिझो सांगतो. एका वादकाच्या संचात चालणारी केबल दुसऱ्याच्या संचात मुकी का होते, याचे उत्तर यात आहे.

या युक्तीचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. निर्मात्यांनी आखलेल्या मर्यादेत वादकांनी पाडलेली ती एक खिडकी होय. सरावाचे रबरी पॅड कापून त्यांत पिझो चिकटविणे, स्वस्त झांजेखाली चकती बसविणे, दुसरी जुनी पेटी मिडीने पहिलीला जोडून तिचे प्रवेश उसने घेणे, हे सर्व याच जातीचे उद्योग. वाद्यांच्या इतिहासात निर्मात्यांची नावे राहतात, अशा उद्योगांची राहत नाहीत.

१९९७ साली रोलँडने टीडी-१० हे मॉड्यूल व त्याबरोबर जाळीदार पानांचे पॅड आणले. ही जाळी रेमो या ड्रमची पाने बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने तयार झाली होती. मनगटाचा जुना प्रश्न तिने बऱ्याच अंशी सोडविला; शेजाऱ्यांचाही. प्रवेशांच्या संख्येत त्यानंतर थोडीथोडी वाढ होत गेली, पण त्या वाढीचे तपशील येथे देण्यात अर्थ नाही. खरे वळण २०१६ चे आहे. त्या वर्षी आलेल्या टीडी-५० मध्ये नेहमीच्या प्रवेशांबरोबर स्नेअर व राइड झांज यांसाठी डिजिटल प्रवेश देण्यात आले. त्या पॅडांत अनेक संवेदक असतात, ते आघाताची जागाही ओळखतात आणि सर्व माहिती अंकांच्या रूपाने पाठवितात. वादनाच्या दृष्टीने ही निःसंशय प्रगती होय. परंतु तीस वर्षांपूर्वीचा साधा पिझो पॅड कोणत्याही कंपनीच्या पेटीत, थोड्याफार जुळवणीने, बोलता करता येतो. हा नवा पॅड त्यासाठीच केलेल्या प्रवेशाखेरीज कोठेही बोलत नाही. त्याची वाय केबल होऊ शकत नाही. ज्या ढिलाईमुळे वादकास स्वतःच्या हाताने संच वाढविता येत होता, ती ढिलाई अचूकतेच्या मोबदल्यात देऊन टाकली जात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा सौदा लाभाचा आहे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. ऑक्टापॅड हे एका कंपनीच्या वाद्याचे नाव. महाराष्ट्रात ते ‘ऑक्टोपॅड’ होऊन सामान्यनाम बनले. गीतांच्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या वरातीत, गणेशोत्सवातील बेंजोपथकांत ‘ऑक्टोपॅडवादक’ हा स्वतंत्र व्यवसायच झाला. येथे पाश्चात्त्य पद्धतीचा संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संच रुळण्याऐवजी आठ पॅडांची चौकटच का रुजली, याची कारणे शोधण्याजोगी आहेत. चौकट एका पिशवीत मावते, छोट्या गाडीवर उभी राहते, हे एक. दुसरे असे की, आपल्या गीतांतील ठेक्याला ढोलकी, डफ, खंजिरी, काँगा असे अनेक रंग लागतात आणि ते बोटांच्या अंतरावर असावे लागतात; मोठ्या संचातील दूरदूरच्या पॅडांपेक्षा ही दाटी अधिक सोयीची. रोलँडच्या १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये नाद पेटीतच होते व बाहेरून पॅड जोडण्याची सोयही होती, त्यामुळे पायाखाली बासचा एक पॅड घेऊन वादकाचा संच पुरा होई.

या वादकांचे खरे शास्त्र मांडणीत आहे. कोणत्या पॅडवर ‘धा’ला शोभणारा भरीव नाद, कोणत्यावर कडेचा कडक ठोका, कोणते दोन नाद एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे डाव्या-उजव्या हाताने लावणीचा ठेका सहज वळतो, हे ज्याचे त्याने बसविले. ही मांडणी कागदावर नाही. ती पेटीच्या स्मृतीत आहे, आणि त्या पिढीतील अनेक मॉड्यूलांची स्मृती एका नाण्याएवढ्या बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की पेटी पुन्हा कारखान्यातल्यासारखी कोरी होते. संग्रहालयात अशी पेटी ठेवली, तरी वादकाने तिच्यात काय रचले होते ते तीवरून कळणार नाही. ही यंत्रे ज्यांनी प्रथम हाताळली ते वादक आज वृद्धत्वाकडे झुकले आहेत. त्यांच्याकडे जाऊन प्रत्येक पॅडचा नाद, उंबरठ्याचा अंक आणि जोडणीचा आराखडा वहीत उतरवून घेणे हे एखाद्या विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या प्रबंधात बसणारे काम आहे. त्यासाठी पेटी सुरू करण्यापूर्वी तिची बॅटरी जिवंत आहे की नाही, एवढे मात्र आधी विचारावे लागेल.